रेंजवर कानाला काय लावाल? आधी चष्मा घाला, मग मफ निवडा

नेमबाजीच्या रेंजवर कानासाठी काय घ्यायचं हा प्रश्न नवीन मंडळी सगळ्यात शेवटी विचारतात. जॅकेट शिवायला टाकलेलं असतं, बूट आलेले असतात, पेलेट, म्हणजे एअर गनचे छर्रे, कुठल्या कंपनीचे यावर दोन-चार भांडणं झालेली असतात, आणि मग निघता निघता, "मॅडम, कानाला काही लागतं का हो?"

लागतं.

ठाण्यात, नवी मुंबईत आपण बहुतेकजण १० मीटर एअर रायफल नाहीतर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतो. तिथे कानाला मोठा धोका नाही. शेजारच्या लेनच्या फटफटीने लक्ष उडू नये म्हणून कानात बोळ्यासारखे प्लग घालायचे, एवढंच. घोळ पुढे होतो. कुणीतरी म्हणतं, चल, वरळीच्या रेंजवर पॉइंट टू टू (छर्र्याऐवजी खरी गोळी, ०.२२ इंची) मारून बघू, आणि एअरवर चालून गेलेला तोच अर्धवट खुपसलेला प्लग घेऊन माणूस तिकडे पोचतो. पॉइंट टू टू रायफलचा आवाज मारणाऱ्याच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असतो. पिस्तुलाचा त्याहून जास्त, कारण नळी आखूड आणि तिचं तोंड कानाला जवळ. बारा बोअर शॉटगन तर दीडशेच्या वर. उघड्या कानाने १४० च्या वरचा एकही धमाका घेऊ नये, असं कारखान्यांचे सुरक्षा-नियमसुद्धा सांगतात. माझी नोकरी रबाळे एमआयडीसीत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा तिथे सगळ्यांना पाठ असते. पण ९० आणि १४० मधला फरक पन्नासाचा धरू नका. दर दहा डेसिबलला तीव्रता दहापट होते, म्हणजे हा फरक एक लाख पटीचा झाला.

"अगं, कानाला सवय होते," म्हणणारे एक काका प्रत्येक रेंजवर असतात. सवय बिवय काही होत नाही. आतल्या शंखातल्या केसपेशी मरतात, त्या परत येत नाहीत, आणि ऐकू कमी यायला लागलं की काका त्यालाच सवय म्हणतात. श्वास कसा धरायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे त्यांच्याकडून जरूर शिका. कानाच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका. त्यांनाही तुमचं ऐकू येत नाहीच.

आता मला ज्यात अडकायला झालं ते. हे जरा लांबण लावून सांगणार आहे.

मफ, म्हणजे डोक्यावरच्या पट्टीला लावलेले, कान झाकणारे दोन कप, मी मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर घेतला. खोका चांगला, आकडा चांगला, दुकानात घालून बघितला तर समोरच्या हातगाडीवाल्याचा आवाज गायब. पण दुकानात मी सरळ उभी होते, चष्मा पर्समध्ये होता आणि केस मोकळे होते. रेंजवर यातलं काहीच तसं नसतं. चष्मा असतो, आणि माझ्या चष्म्याची काडी जाड प्लास्टिकची. मफची गादी त्या काडीवर बसते आणि काडीच्या पुढे-मागे बारीक फट राहते. कागद सरकेल एवढीच, पण आवाजाला ती पुरते. त्यात आंबाडा, त्यामुळे वरची पट्टी पुढे सरकलेली. मग रायफल खांद्याला लावून गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या मागच्या लाकडी भागावर, टेकवला की उजव्या कपची खालची कड लाकडाला लागते आणि कप वर उचलला जातो. पट्टी एकसंध, त्यामुळे उजवीकडे धक्का बसला की डावा कपही तिरका होतो. आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. उजव्याला निदान डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणजे ज्या कानावर मार जास्त, नेमकी तिथेच फट. ऐरोलीला घरी पोचेपर्यंत डाव्या कानात शिट्टी वाजत होती. गाडीत शेजारची बाई काय बोलते ते मी तिच्या ओठांकडे बघून ओळखत होते.

म्हणून मफ घ्यायला जाल तेव्हा रेंजवरचा चष्मा घालून जा, केस रेंजवर बांधता तसे बांधा, टोपी घालत असाल तर तीही घाला, कानातले काढा. मफ चढवा आणि दुकानदार हसला तरी मान झुकवून पोझिशन घ्या. एखादी काठी, छत्री, काहीही खांद्याला लावा. त्या स्थितीत दुकानातला पंखा मघापेक्षा मोठ्याने ऐकू यायला लागला तर तो मफ तुमचा नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. रायफलवाल्यांनी आणि शॉटगनवाल्यांनी पातळ, खालून कापलेल्या कपचा मफ बघावा. पिस्तूलवाल्यांना स्टॉकची कटकट नाही, त्यांनी जाडजूड खुशाल घ्यावा. चष्म्याची काडी तारेसारखी बारीक असली तर निम्मं भांडण मिटतं.

मफ किती डेसिबल आवाज अडवतो तो खोक्यावरचा आकडा म्हणजे अमेरिकन माल असेल तर एनआरआर, युरोपियन असेल तर एसएनआर. दोन्हींची आपसात तुलना करू नका, मोजण्याची रीत वेगळी. आणि हा आकडा प्रयोगशाळेतला, शिकवून-सवरून बसवलेल्या मफचा. अमेरिकेतली कामगार-सुरक्षा यंत्रणा ओशा तर एनआरआरमधून सात वजा करून उरलेल्याचं निम्मं धरायला सांगते. म्हणजे २९ चा मफ हिशोबात ११ वर येतो. हे बघून घाबरू नका, हा हिशोब मुद्दाम कडक ठेवलेला आहे. पण २७ की २९ यावर रात्र जागवणाऱ्यांनी तो एकदा करून बघावा.

माझं मत विचाराल तर पॉइंट टू टू आणि त्यापुढच्या सगळ्याला दोन्ही लावा: आत फोमचा प्लग, वर मफ. दोघांचे आकडे बेरजेला येत नाहीत, जास्तीवाल्याच्या वर साधारण पाच डेसिबलच मिळतात. तरी काडीखालून गळलं तर आत प्लग उभा असतो, ही खरी कमाई. फोमची जोडी वडापावच्या भावात येते. घालायची रीत मात्र शिका: स्वच्छ हाताने सुरकुती न पडता बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. मग दोन्ही तळवे कानांवर झाका. आवाजात फारसा फरक पडला नाही तर नीट बसलाय. फरक पडला तर काढा, पुन्हा घाला. कापूस चालत नाही. मोबाइलचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड तर अजिबात नाहीत, ते विमानाच्या घरघरीसाठी आहेत, गोळीसाठी नव्हेत.

इलेक्ट्रॉनिक मफ छान असतात, बाहेर माइक असल्याने सरांचं बोलणं ऐकू येतं. पण गोळीचा आवाज अडवतो तो कपच. सर्किट तेवढ्या क्षणापुरता माइकमधून येणारा आवाज दाबून धरतं. स्वस्त कपात महाग सर्किट घेऊन उपयोग नाही. शिवाय आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत स्पर्धकाला आवाज टिपणारं कुठलंही यंत्र बसवलेलं कानसंरक्षण चालत नाही, त्यामुळे मॅचचा विचार असेल तर सराव साध्यावरच करा. बंद कानांनी 'स्टॉप' ऐकू येईल का, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. येतं. थोड्या दिवसांत कान त्याच शब्दासाठी टवकारतो.

मफच्या गाद्या आपल्या दमट हवेत, घामाने कडक होतात. बोटाने दाबून उसळत नसतील तर बदला, सुट्या मिळतात.

फायरिंग सुरू करण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत होते, कानाच्या बऱ्याच डॉक्टरांकडेही होते. आवाजाने कान बिघडायला लागला की आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, आणि तो बोलण्यात जाणवायच्या कितीतरी आधी. पहिला रिपोर्ट जवळ असेल तरच पुढच्याशी ताडता येतो. शिट्टी दुसऱ्या सकाळीही वाजत असेल किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं तर पुढच्या सरावाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. माझ्या वेळी सर म्हणाले होते, झोप काढ, जाईल. सरांना सांगू नका, पण झोप न काढता मी डॉक्टरकडे गेले.