बोर्ड गेमच्या मिनी रंगवायच्यात? आधी झोंबी घ्या, हीरो नंतर

बोर्ड गेमच्या डब्यात त्या करड्या प्लास्टिकच्या छोट्या मूर्त्या येतात ना, ज्यांना सगळे मिनी म्हणतात, त्या बघून रंगवाव्याशा वाटतातच, मग माणूस यूट्यूब उघडतो, तिथे कुणीतरी एकाच चेहऱ्यावर तासन्‌तास बसलेला दिसतो आणि आपण गपचूप डबा बंद करून ठेवतो. हे करू नका. खेळताना मिनी टेबलावर असते आणि आपले डोळे तिच्यापासून हातभर तरी लांब असतात, तेवढ्या अंतरावरून जे दिसेल तेवढंच रंगवायचं, बाकी सोडून द्यायचं. एक मिनी प्रदर्शनात ठेवण्यासारखी आणि बाकीच्या पन्नास करड्या, यापेक्षा अख्खा डबा साधासुधा पण पूर्ण रंगवलेला केव्हाही भारी, आणि हात पण त्यातच बसतो.

म्हणून पहिला नियम, हीरोला हात लावू नका. डब्यात जे फालतू सैनिक, झोंबी, सांगाडे असतात ते आधी. झॉम्बिसाइड नावाचा गेम आहे ना, २०१२ चा, त्याच्या पहिल्या एडिशनच्या डब्यात ७१ मिनी आहेत आणि त्यातल्या फक्त ६ सर्व्हायव्हर, म्हणजे हीरो, बाकी सगळी गर्दी. एकच पोज परत परत येते त्यामुळे चौथ्या-पाचव्याला हात आपोआप चालतो, आणि झोंबीवर रंग बाहेर गेला तर तो रोग म्हणून खपून जातो. साइथ हा गेम असेल तर त्यात ५ हीरो आणि २० मेक, म्हणजे मोठी लढाऊ यंत्रं, तिथे मेकपासून सुरू करा कारण लोखंडी यंत्राला गंज, चिखल, ओरखडे सगळंच शोभतं. फक्त एक बघा, साइथमध्ये प्लास्टिकचा रंगच सांगतो की कुठला मेक कुणाचा, तो पूर्ण झाकलात तर खेळताना भांडणं होतील, म्हणून बेसच्या, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीच्या, कडेला तरी फॅक्शनचा, म्हणजे त्या खेळाडूच्या बाजूचा, रंग ठेवा. ब्लड रेजमध्ये हा प्रश्न येत नाही, त्यात खाली लावायला रंगीत रिंगाच दिलेल्या आहेत.

आता सामान. बडोद्यात राहणाऱ्याला एक फायदा आहे तो म्हणजे फाइन आर्ट्स शिकणारी पोरं, त्यांच्यामुळे अ‍ॅक्रिलिक, ब्रश, मीडियम असल्या गोष्टी शहरात मिळतात, सगळं ऑनलाइन मागवायची गरज नाही. कॅमलचे किंवा फेविक्रिलचे अ‍ॅक्रिलिक चालतात का, हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. चालतात, पण सगळीकडे नाही. मिनीसाठी बनवलेले रंग, म्हणजे व्हायेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर वगैरे, त्यांच्यात रंगद्रव्य खूप बारीक दळलेलं आणि भरपूर असतं त्यामुळे पातळ केल्यावरही ते झाकतात, आपले क्राफ्टचे रंग पातळ केले की फिके पडतात आणि जाड लावले की बारीक नक्षी बुजते. तरी काळा, तपकिरी, खाकी, बेसची माती, दगड, झोंब्यांचे फाटके कपडे यांना देशी रंग मस्त. पैसे कुठे घालायचे तर पांढरा, एक चांदीसारखा मेटॅलिक आणि एक तयार वॉश (खाचांत सावली करणारा खूप पातळ गडद रंग), एवढे तीन परदेशी घ्या. मेटॅलिक तर नक्कीच, कारण क्राफ्टच्या मेटॅलिकमधली चमकी एवढी मोठी असते की तलवार लोखंडाची वाटत नाही, नवरात्रातल्या चणियाचोळीची वाटते.

ब्रशच्या बाबतीत सगळे ट्रिपल झिरोच्या मागे लागतात. नका लागू. इतक्या बारीक ब्रशमध्ये रंग मावतच नाही आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या गरमीत तो मिनीपर्यंत पोचायच्या आधीच टोकावर वाळतो. १ किंवा २ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश घ्या ज्याचं टोक पाण्यात बुडवून काढल्यावर सुईसारखं एकत्र येतं, कॅमलचा सिंथेटिक गोल्ड पण ठीक आहे, आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायला, एखादा जुना, पसरलेला, मऊ केसांचा, बायकोचा किंवा बहिणीचा मेकअपचा जुना ब्रश मिळाला तर सोन्याहून पिवळं पण विचारून घ्या. रंग कधी ब्रशच्या धातूच्या भागापर्यंत चढू देऊ नका, तिथे वाळला की केस फाकतात आणि ब्रश गेलाच. पाण्याच्या ग्लासात ब्रश उभा ठेवून चहाला जायचं नाही. आणि टोक करायला जिभेवर फिरवायची सवय असते काहींना, ती सोडा, कुठल्या रंगात काय असतं ते बाटलीवर नेहमी लिहिलेलं नसतं.

बोर्ड गेमच्या मिनी बहुतेक मऊ पीव्हीसीच्या असतात, यातूनच अर्ध्या अडचणी येतात. एक म्हणजे साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी वर राहिलेलं असतं, तर आधी कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळू द्या. दुसरं म्हणजे डब्यात दबून भाले, तलवारी वाकलेल्या असतात. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात चिमट्याने धरून पंधरा-वीस सेकंद बुडवा, मऊ झाली की बोटाने सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, तशीच राहते. तिसरं, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ असते, ती कटरच्या धारेने कापू नका, पात्याच्या पाठीने हळूहळू खरवडा, आणि पॉलिश पेपर पीव्हीसीवर फार उपयोगाचा नाही, उलट रोम उठतात. सगळ्या रेघा काढत बसलात तर महिना जाईल, चेहरा, खांदे आणि शस्त्र एवढं बघा.

पुढे प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा थर, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त मिनी वाया जातात. प्रायमर नसेल तर अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकवर थेंब थेंब होऊन गोळा होतं आणि नंतर नखाने निघतं, म्हणून तो हवाच. पण हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही स्प्रे मऊ पीव्हीसीवर चालेलच असं नाही, काही स्प्रेंमधलं सॉल्व्हंट आणि पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन यांचं जमत नाही आणि मिनी कायमची चिकट राहते, आठवडा झाला, दोन झाले तरी बोटाला लागते. त्यामुळे नवीन कॅन आणला की आधी डब्यातला सगळ्यात नावडता झोंबी घ्या, त्याला मारा, दोन दिवस ठेवा, कोरडा झाला तरच बाकीचे. एवढी रिस्क नको असेल तर ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर मिळतो, वेळ लागतो पण हवामानाची भानगड नाही आणि फ्लॅटमध्ये वास पण नाही.

हवामान म्हणजे काय ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की स्प्रे केलं की त्यावर पांढुरकी धुकट साय येते, प्रायमरला एकवेळ चालेल पण वार्निशला अजिबात नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत उलटं होतं, थेंब हवेतच वाळतात आणि मिनीवर बारीक रवाळ थर बसतो. सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, अगाशीवर म्हणजे गच्चीवर, तोंडाला मास्क लावून. उत्तरायणाचे दोन दिवस सोडून, कारण पतंगाला लागतो तोच वारा स्प्रेला नको असतो आणि शेजारच्यांच्या उंधियोवर काळा प्रायमर गेला तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी अगाशीवर येऊ देणार नाही. कॅन नीट हलवा, २०-२५ सेंटिमीटर लांबून, मिनीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवत लहान लहान फवारे मारा, एकाच जागी धरून ठेवू नका.

रंग कुठला? मी सांगेन काळा मारा आणि तो वाळल्यावर फक्त वरून, डोक्याच्या बाजूने, हलका पांढरा फवारा मारा. वरून उजेड पडल्यासारखी सावली आयतीच तयार होते, आणि रंग कुठे उजळ आणि कुठे गडद ठेवायचा हे मिनी स्वतःच दाखवते. पांढरा स्प्रे नसेल तर काळ्यावर आधी करडा आणि मग पांढरा ड्रायब्रश करा, काम तेच.

मिनी हातात धरून रंगवू नका, बोटाच्या तेलाने कडांवरचा रंग निघतो. औषधाची रिकामी छोटी बाटली घ्या, वर डबल टेप, त्यावर मिनी, झालं हँडल.

आता रंग लावणं, ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललंय. रंग बाटलीतून थेट मिनीवर कधीच नाही. थोडं पाणी घालून पातळ ताकासारखा करा, आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या, पहिला थर नेहमी घाणेरडाच दिसतो, घाबरू नका, वाळू द्या आणि दुसरा द्या. पण रंग पॅलेटवर मिनिटा-मिनिटाला वाळतो म्हणून वेट पॅलेट करा, विकत घ्यायची काही गरज नाही, मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा, तळाला टिश्यूचे तीन-चार थर पाण्याने भिजवून, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर सपाट बसवायचा. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. झाकण लावून ठेवलंत तर रंग दुसऱ्या दिवशीही ओला असतो, फक्त टिश्यू दर काही दिवसांनी बदला नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते आणि वास येतो.

क्रम असा ठेवा की जे आत खोल आहे ते आधी आणि जे बाहेर आहे ते नंतर, म्हणजे कातडी, मग कपडे, मग पट्टे, चिलखत, शेवटी हत्यार, असं केलं की बाहेर गेलेला रंग पुढच्या थराखाली झाकला जातो. पिवळा आणि लाल काळ्यावर बसत नाहीत, कितीही थर द्या, त्यांच्या खाली आधी फिकट तपकिरी किंवा गुलाबी लावा. आणि दहा झोंबी असतील तर दहाही ओळीत ठेवून सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांच्या पँट, असं करा, शेवटच्यापर्यंत पोचेपर्यंत पहिला वाळलेला असतो.

सगळे सपाट रंग लागले की मिनी शाळेतल्या चित्रकलेसारखी दिसते आणि इथेच बरेच जण हिरमुसतात, पण खरी गंमत तर पुढे आहे. वॉश म्हणजे खूप पातळ गडद रंग, तो सगळीकडे सोडायचा, तो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि सावल्या तयार होतात. काळा वॉश धातूला, तपकिरी वॉश कातडी, चामडं, लाकूड, जवळजवळ सगळ्यालाच. जिथे डबकं साचेल तिथून ओलसर ब्रशने लगेच उचलून घ्या, अर्धा वाळल्यावर हात लावलात तर डाग पडतो, मग नाही लावायचा. पूर्ण वाळल्यावर ड्रायब्रश: मूळ रंगापेक्षा जरा फिकट रंग घ्या, ब्रश टिश्यूवर पुसा, अजून पुसा, वाटेल की आता काही उरलंच नाही, तेव्हा मिनीवरून भराभर फिरवा, फक्त उंचवटे उजळतात. बेसकोट (म्हणजे ते सपाट रंग), वॉश, ड्रायब्रश, या तिघांवर अख्खा डबा होतो आणि मित्र तोंडात बोट घालतात.

याहून घाई असेल तर सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट किंवा आर्मी पेंटरचे स्पीडपेंट, हे एकाच थरात मूळ रंग आणि सावली दोन्ही देतात, २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट आले तेव्हापासून नवशिक्यांचं आयुष्य सोपं झालंय. पण हे पारदर्शक असतात, खाली पांढरा किंवा तो काळा-पांढरा प्रायमरच लागतो, आणि मोठ्या सपाट पृष्ठभागावर डागडाग दिसतात, त्यामुळे झोंबी, केसाळ राक्षस, झगे यांना उत्तम पण साइथच्या मेकला नको.

डोळे. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या बाजूला गणपतीच्या आधी मूर्तीचं काम बघितलं असेल तर माहितीये की डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताने होते. मिनीला ही पद्धत उलटी करा. २८ मिमीच्या मिनीचा चेहराच चार-पाच मिमीचा असतो, डोळे शेवटी काढायला गेलात आणि हात हलला तर पूर्ण चेहरा परत. त्यापेक्षा आधी पांढरी आडवी रेघ, त्यावर काळा उभा ठिपका, आणि मग बाजूने कातडीचा रंग भरत आणत डोळ्याला आकार द्यायचा. आणि खरं सांगू का, नाही काढले तरी चालतं, खोबणीत तपकिरी वॉश गेला की हातभर अंतरावरून डोळे आहेत असंच वाटतं.

बेस सोडू नका, दहा मिनिटांचं काम आहे पण मिनी एकदम पूर्ण वाटते. फेविकॉल थोडं पाणी घालून लावा, चाळलेली वाळू भुरभुरा, वाळल्यावर तपकिरी, मग फिकट खाकीने ड्रायब्रश, आणि कडेला काळा किंवा तुमच्या टीमचा रंग.

शेवटी वार्निश, कारण ह्या मिनी खेळताना शंभर वेळा उचलल्या जाणार आहेत आणि कुणीतरी नक्की शेव-उसळीच्या हाताने उचलणार. पावसाळ्यात संपवल्या असतील तर स्प्रे वार्निशचा मोह टाळा, ब्रशने लावायचं मॅट वार्निश घ्या, बाटली हळू पण बराच वेळ हलवा कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते आणि नीट मिसळली नाही तर पांढरट डाग येतात. पातळ दोन हात द्या. मनासारखं झालं नाही आणि रंग काढायचा असेल तर थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही नको, प्लास्टिक विरघळतं. खरं तर काढायची गरज फार कमी वेळा पडते, वरून परत प्रायमर मारला की झालं, फक्त दोन-तीनदा असं केलंत तर नक्षी बुजायला लागते. वार्निश लावलेल्या मिनी दोन-तीन दिवस तरी उघड्यावर ठेवा, लगेच डब्यात कोंबू नका, एकमेकींना चिकटतात, आणि उन्हाळ्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवून विसरू नका, सगळ्या तलवारी परत वाकलेल्या मिळतील आणि या वेळी गरम पाण्यात टाकल्या तर बिचाऱ्यांचा रंगही तडकू शकतो.