लेथवरच पाडा पुलीतील की-वे

स्लॉटिंग मशीन (खाचा पाडण्याचे यंत्र) नसलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये 25 मिमी बोअरच्या (मधल्या भोकाच्या) पुलीत 8 मिमी रुंदीचा की-वे, म्हणजे पुली शाफ्टवर अडकवणारी की बसण्याची खाच, पाडण्यासाठी काम बाहेर पाठवण्याची गरज नसते, कारण लेथची कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) हाताने पुढे-मागे चालवून तेच काम होते. बोअर फिनिश झाल्यावर पुली चकमधून (काम धरणाऱ्या जबड्यांमधून) काढू नये. मेन स्विच बंद करून, बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) गुंतवून स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, हलणार नाही असा पक्का करावा. नेमका 8 मिमी रुंद घासलेला हायस्पीड स्टीलचा टूल-बिट जाड, आखूड बोरिंग बारमध्ये, धार चककडे ठेवून सेंटरच्या उंचीवर बसवावा. उंची चुकली तर खाच तिरकी पडते. दर फेरीला 0.05 ते 0.1 मिमी एवढाच कट द्यावा, तेल सोडत राहावे आणि परतताना टूल किंचित मागे घ्यावे, नाहीतर धार लवकर मरते. बोअर गोल असल्याने टूलचे कोपरे आधी टेकतात. म्हणून खोली डायलवर न मोजता (काही लेथचा डायल व्यासाचे माप दाखवतो, तो घोटाळा वेगळाच) बोअरच्या समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत व्हर्निअरने 28.3 मिमी भरेपर्यंत कट घ्यावेत. शेकड्याने पुली असतील, तर मात्र ब्रोचच (भोकातून ओढून किंवा दाबून खाच पाडणारे दातेरी हत्यार) परवडतो.