ग्रॅफाइट अ‍ॅनोडवर संरक्षक थर कसा बसवावा

लिथियम-आयन बॅटरीत इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) भरल्यावर तो काही तास मुरू द्यावा आणि पहिले चार्जिंग, पूर्ण व्हायला सुमारे २० तास लागतील, इतक्या मंद प्रवाहाने करावे. अ‍ॅनोडचे (बॅटरीच्या ऋण ध्रुवाचे) विभव, म्हणजे विद्युतदाब, लिथियमच्या तुलनेत ०.८ व्होल्टच्या आसपास उतरले की इलेक्ट्रोलाइटमधील इथिलीन कार्बोनेट या द्रावकाचे क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन होणारे विघटन) होऊन त्याचे अवशेष ग्रॅफाइटच्या कडांवर साचतात, आणि तयार होणारा थर लिथियम आयनांना वाट देऊन इलेक्ट्रॉनांना अडवतो. यात थोडे लिथियम कायमचे खर्ची पडते, त्याला इलाज नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये सुमारे २ टक्के विनायलीन कार्बोनेट हे पूरक रसायन मिसळल्यास थर चिवट बनतो. पाण्याचा अंश मात्र कटाक्षाने टाळावा, कारण इलेक्ट्रोलाइटमधील फ्लोरिनयुक्त क्षाराशी त्याची क्रिया होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊन थर खाल्ला जातो. पुढे ६० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत थरातील कार्बनी घटक विघटित होतात. सिलिकॉनयुक्त अ‍ॅनोडवर तर अ‍ॅनोडच्या फुगवट्याने हा थर तडकतो आणि प्रत्येक भेगेत ताजे लिथियम गिळून पुन्हा वाढतो.