व्हीएमसाठी लिनक्स कर्नल कॉन्फिगर करताना कुठला ड्रायव्हर आत घालायचा, कुठला मॉड्यूल ठेवायचा

व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) आत चालणारा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कंपाइल करायला बसलं की आधी मेनूकॉन्फिगमधले (कर्नलचे ऑप्शन निवडायचा मेनू) हजारो ऑप्शन बघून डोकं गरगरतं, मग आपण डिस्ट्रोचा (उबुंटू, फेडोरा वगैरे) कॉन्फिग जसाच्या तसा उचलतो आणि कंपाइल लावून देतो. चालतं ते. पण त्यात जगभरची वायफाय कार्डं, साउंड कार्डं, टीव्ही ट्यूनर सगळं कंपाइल होत बसतं, आणि व्हीएमच्या आत यातलं काहीच नसतं. व्हीएमचं हार्डवेअर अगदी मोजकं असतं आणि तेही आधीच माहीत असतं, त्यामुळे कर्नल कॉन्फिगरेशन शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

खाली सगळी नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्येच टाइप करायची.

पहिलं काम म्हणजे आपण कुठल्या हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आहोत ते बघणं. व्हीएमच्या आत सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही कमांड चालवा, केव्हीएम, व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्ट (म्हणजे हायपर-व्ही), झेन यापैकी काहीतरी येईल, ओरॅकल आलं तर समजायचं व्हर्च्युअलबॉक्स आहे. मग एलएसपीसीआय डॅश के मारा, प्रत्येक डिव्हाइसखाली आत्ता कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं. हे आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा, नंतर तीनदा तरी बघावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक ड्रायव्हरसमोर तीन पर्याय असतात: वाय म्हणजे कर्नलच्या आतच, एम म्हणजे मॉड्यूल (गरज पडली की लोड होणारा वेगळा तुकडा), एन म्हणजे नको. रूट फाइलसिस्टम (जिच्यावर सगळी सिस्टम असते ती) माउंट होईपर्यंत जे जे लागतं ते सगळं एकतर वाय पाहिजे, नाहीतर इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे कर्नलसोबतच मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये, पाहिजे. बाकीचं निवांत एम ठेवा. मॉड्यूल डिस्कवर असतात, आणि डिस्क वाचायचा ड्रायव्हरच जर डिस्कवर मॉड्यूल म्हणून पडलेला असेल तर कर्नल तो आणणार कुठून? तिथेच अडतं आणि स्क्रीनवर ती ओळ येते, 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक', कंसात शून्य स्वल्पविराम शून्य. हे दोन शून्य नीट वाचायला शिका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की कर्नलला ती डिस्क मुळात दिसलेलीच नाही. शून्याऐवजी खरे आकडे आले, म्हणजे समजा २५४ आणि १, तर डिस्क सापडली पण त्यावरची फाइलसिस्टम वाचता आली नाही, मग ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस वाय करायचं राहिलंय का ते बघा. हा फरक कळायला मला एक अख्खी रात्र लागली होती, मी व्हर्टिओचे (व्हीएमसाठीचे खास ड्रायव्हर) ऑप्शन परत परत तपासत होतो आणि चूक फाइलसिस्टमच्या मेनूत होती.

केव्हीएमवाल्यांसाठी नेमकं काय लागतं ते सांगतो. व्हर्टिओ हे ड्रायव्हर रस्टी रसेल यांनी लिहिले, २००८ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२४ कर्नलपासून ते मेनलाइनमध्ये (मूळ लिनक्स कर्नलमध्ये) आहेत, त्यामुळे बाहेरून काही डाउनलोड करायचं नाही. मेनूकॉन्फिगमध्ये प्रोसेसर टाइप अँड फीचर्सखाली लिनक्स गेस्ट सपोर्ट चालू करा (गेस्ट म्हणजे व्हीएममधली सिस्टम), त्याच्या आत पॅराव्हर्च्युअलायझेशन आणि केव्हीएम गेस्ट सपोर्ट, दोन्ही वाय. मग डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये व्हर्टिओ ड्रायव्हर्स नावाचा मेनू आहे, तिथे व्हर्टिओ पीसीआय वाय करा, त्याखालचा लेगसीवाला ऑप्शनही राहू द्या, जुन्या होस्टवर (व्हीएम जिच्यावर चालते त्या मशीनवर) लागतो.

इथेच बरेच जण फसतात. व्हर्टिओचा मेनू पूर्ण केला म्हणजे व्हर्टिओ झालं असं वाटतं, पण डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर त्या मेनूत नाहीतच! व्हर्टिओ ब्लॉक आहे ब्लॉक डिव्हाइसेसखाली, व्हर्टिओ स्कझी (डिस्क जोडायची दुसरी पद्धत) आहे स्कझी लो लेव्हल ड्रायव्हर्समध्ये, नेटवर्कचा आहे नेटवर्क डिव्हाइस सपोर्टमध्ये, आणि रँडम नंबरवाला कॅरॅक्टर डिव्हाइसेसमध्ये. शोधत बसू नका, मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबा, व्हर्टिओ टाइप करा, सगळी यादी येते आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या मेनूत आहे, कशावर अवलंबून आहे तेही दिसतं. व्हर्टिओ स्कझी घेणार असाल तर स्कझी डिस्क सपोर्टसुद्धा वाय लागतो, नाहीतर कंट्रोलर दिसतो आणि डिस्क दिसत नाही.

हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर कर्नलच्या सोर्समध्येच तयार तुकडा आहे. आधी मेक डेफकॉन्फिग, मग मेक केव्हीएम अंडरस्कोर गेस्ट डॉट कॉन्फिग, की व्हर्टिओचं पीसीआय, ब्लॉक, नेट, कन्सोल आणि सिरीयल कन्सोल सगळं एका फटक्यात चालू होतं. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी आणि मग मेनूकॉन्फिग उघडून आपल्या फाइलसिस्टमचं तेवढं बघून घ्यावं.

दुसरा शॉर्टकट म्हणजे मेक लोकलमॉडकॉन्फिग. आत्ता लोड असलेले मॉड्यूल बघून बाकीचे काढून टाकतो, कंपाइलचा वेळ खूपच वाचतो, पण तो आत्ताचंच बघतो हे विसरू नका. व्हर्च्युअलबॉक्सवर बसून हे चालवलं आणि तो कर्नल केव्हीएमवर नेला तर व्हर्टिओ ब्लॉक त्यात नसेलच, कारण त्या क्षणी तो लोड नव्हता.

बाकीच्या हायपरव्हायजरबद्दल थोडक्यात. व्हीएमवेअरला डिस्कसाठी पीव्हीस्कझी आणि नेटवर्कसाठी व्हीएमएक्सनेट३. हायपर-व्हीला आधी हायपर-व्ही क्लायंट ड्रायव्हर्स आणि मग त्याचे स्टोरेज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर, जनरेशन २ ची व्हीएम असेल तर तिला आयडीई नसतंच, त्यामुळे स्टोरेज ड्रायव्हर वाय नसेल आणि इनिट्रॅमएफएसमध्येही नसेल तर बूट विसरा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क साधारणपणे साटावर असते म्हणजे ड्रायव्हर एएचसीआय, आणि नेटवर्कला इंटेलचं ई१००० पुरतं, व्हर्च्युअलबॉक्सचा गेस्ट ड्रायव्हर २०१८ मध्ये ४.१६ पासून मेनलाइनमध्ये आला आणि शेअर्ड फोल्डरवाला ५.६ मध्ये.

आता जे इनिट्रॅमएफएस वापरतात, म्हणजे बहुतेक सगळेच. डेबियन, उबुंटूवर (इनिट्रॅमएफएस-टूल्स वापरात असेल तर) ईटीसीमधल्या इनिट्रॅमएफएस-टूल्स फोल्डरात मॉड्यूल्स नावाची फाइल आहे, तिच्यात ड्रायव्हरची नावं एकेका ओळीवर लिहा आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस डॅश यू चालवा. फेडोरासारख्या ठिकाणी ड्रॅकट (इनिट्रॅमएफएस बनवणारा प्रोग्रॅम) असतो, तो सहसा फक्त सध्याच्या मशीनपुरतेच ड्रायव्हर आत घेतो, म्हणून हायपरव्हायजर किंवा डिस्कचा प्रकार बदलायच्या आधी ॲड-ड्रायव्हर्स ऑप्शन देऊन, सोबत फोर्स देऊन, तो परत बनवा. झाल्यावर एलएसइनिट्रॅमएफएस किंवा एलएसइनिटआरडीने आत डोकावून ड्रायव्हरचं नाव दिसतंय का ते डोळ्यांनी बघा, झालं असेल असं धरून रीबूट मारू नका. (वाय केलेला ड्रायव्हर या यादीत फाइल म्हणून दिसणार नाही, तो कर्नलमध्येच असतो.)

चालू व्हीएमची डिस्क साटावरून व्हर्टिओवर न्यायची असेल तर माझी पद्धत अशी: आधी स्नॅपशॉट, मग एक जीबीची रिकामी जास्तीची डिस्क व्हर्टिओ म्हणून जोडायची आणि बूट करायचं. एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) व्हीडीए दिसली म्हणजे ड्रायव्हर चालतोय, मग इनिट्रॅमएफएस तपासायचा, आणि त्यानंतरच मूळ डिस्कला हात लावायचा. नावही बदलतं इथे, एसडीए होतं ते व्हीडीए होतं, म्हणून एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या फाइलमध्ये) डिस्कचं नाव असेल तर आधी यूयूआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) टाका. एक बारीक गोष्ट: इनिट्रॅमएफएस नसेल तर कर्नल कमांड लाइनवर (बूट होताना कर्नलला दिलेल्या पर्यायांत) फाइलसिस्टमचा यूयूआयडी चालत नाही, कर्नलला स्वतःहून फक्त पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा क्रमांक) कळतो, बीएलकेआयडीने दोन्ही दिसतात, बरोबर तो उचला. नेटवर्क कार्डही बदललंत तर इंटरफेसचं नाव बदलू शकतं, आणि मग बूट होतं पण एसएसएच लागत नाही.

म्हणूनच सिरीयल कन्सोल (नेटवर्कशिवाय चालणारं टेक्स्ट टर्मिनल) आधी लावून ठेवा. कमांड लाइनवर कन्सोल इक्वल्स टीटीवायएस०, स्वल्पविराम, ११५२००, आणि कॉन्फिगमध्ये ८२५० सिरीयलचा कन्सोल सपोर्ट वाय, एम नाही. होस्टवरून व्हर्श कन्सोलने आत जाता येतं आणि पॅनिकच्या (कर्नल कोसळण्याच्या) आधीच्या सगळ्या ओळी वर स्क्रोल करून वाचता येतात, ग्राफिक विंडोत त्या निघून गेलेल्या असतात. जुना कर्नलही ग्रबमध्ये (बूट मेनूत) राहू द्या, जागा वाचवायला लगेच काढू नका.

ड्रायव्हरचे पॅरामीटर बदलायचे असतील तर मॉडइन्फो डॅश पीने कुठले आहेत ते बघा, आणि मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात ऑप्शन्सची एक ओळ लिहा. पण ड्रायव्हर वाय असेल तर मॉडप्रोब डॉट डीचा काहीच उपयोग नाही, कारण मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) मधे येतच नाही. तेव्हा कर्नल कमांड लाइनवर ड्रायव्हरचं नाव, टिंब, पॅरामीटर, बरोबरचं चिन्ह आणि किंमत असं द्यावं लागतं. लोकांनी मॉडप्रोबची फाइल दहादा बदलून 'फरक पडत नाही' म्हणून वैतागलेलं मी खूप बघितलंय, कारण नेहमी हेच. लागू झालं का ते सिसखालच्या मॉड्यूल फोल्डरात, ड्रायव्हरच्या पॅरामीटर्समध्ये वाचता येतं.

नवीन कर्नलने बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'हायपरव्हायजर डिटेक्टेड' शोधा, केव्हीएम लिहिलेलं असेल तर गेस्ट सपोर्ट नीट लागलाय. मग परत एलएसपीसीआय डॅश के, सुरुवातीला ठेवलेल्या फाइलशी ताडून बघा. शेवटी करंट क्लॉकसोर्स (कर्नल वेळ कशावरून मोजतो ते) वाचा, तिथे केव्हीएम-क्लॉक येतं, पण नवीन कर्नल आणि चांगला प्रोसेसर असेल तर टीएससी (प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळ) दिसू शकतं, तेही बरोबरच आहे, बदलायला जाऊ नका.