घाईने डिपर देऊ नका: अवजड वाहनांच्या दिव्यांच्या भाषेतील या चुका टाळा

रात्रीच्या महामार्गावर एक ट्रेलर दुसऱ्याला ओलांडून पुढे सरकतो, मागे राहिलेला चालक क्षणभर डिपर देतो, म्हणजे हेडलाइट चमकवतो, पुढचा आपल्या लेनमध्ये येतो आणि इंडिकेटर लुकलुकवून आभार मानतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे इतके सोपे दिसते की स्टिअरिंग हाती आल्यापासून पहिल्याच आठवड्यात नवा चालक ही भाषा बोलू लागतो. गिअर अजून नीट पडत नसतात, पण डिपर मात्र तो सराईतासारखा देतो. बरीच वर्षे ट्रेलर चालवून झाल्यावर आता मी अशा नव्या चालकांच्या शेजारच्या आसनावर बसतो, आणि तेथून त्याच त्या चुका पुनःपुन्हा पाहून आलेल्या वैतागातून हे लिहीत आहे. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात असे येथे धरले आहे. जेथे ती उजवीकडून चालतात तेथे डावे-उजवे उलटे करून वाचावे.

शेपूट सुटण्याआधीच डिपर देणे

हा डिपर मुळात कशासाठी असतो, ते आधी समजून घ्यावे. ओलांडून पुढे गेलेल्या चालकाला आपले शेपूट कोठे संपते ते केवळ आरशातून ताडावे लागते. रात्री त्याला आरशात मागच्या वाहनाचे दोन हेडलाइट तेवढे दिसतात. आपल्या मागच्या बंपरपासून ते दहा मीटरवर आहेत की तीस, हे ठरवणे कठीण असते, आणि रुंद दृश्य दाखवणाऱ्या फुगीर आरशात तर सगळेच आहे त्याहून दूर भासते. मागच्या चालकाला मात्र तेच अंतर समोरच्या काचेतून सरळ दिसत असते, म्हणून तो दिव्याने कळवतो की जागा झाली. एवढ्या एका निरोपासाठी हा डिपर आहे, आणि तो निरोप खरा होण्याआधी दिला तर ते खोटे बोलणे ठरते, मग हेतू कितीही चांगला असो.

नवे चालक तो घाईने देतात, कारण खिडकीशेजारून हळूहळू सरकणारी ती भिंत त्यांना नकोशी होते. हिशेब मांडून पाहा. ताशी ८० किलोमीटरने चाललेल्या १७ मीटर लांबीच्या वाहनाला तेवढेच लांब दुसरे वाहन ताशी ८२ ने ओलांडत असेल आणि आधी व नंतर २५-२५ मीटर अंतर राखायचे असेल, तर त्याला एकूण ८४ मीटरची आघाडी मिळवावी लागते. दोन किलोमीटरच्या फरकाने याला सुमारे अडीच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात जवळजवळ साडेतीन किलोमीटर रस्ता मागे पडतो. ही अडीच मिनिटे ज्याला सोसवत नाहीत त्याने डिपर लवकर देऊन सुटका करून घेण्यापेक्षा ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलावा. आपला वेग ७७ वर आला की तेच ओलांडणे एका मिनिटात आणि दीड किलोमीटरच्या आत आटोपते. माझ्या मते हा उचललेला पाय डिपरपेक्षा मोठे सौजन्य आहे, परंतु तो कोणाला दिसत नसल्यामुळे शिकण्याची हौस फारशी कोणाला नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पावसाळी रात्र होती, रस्त्याला हलका चढ होता, माझा ट्रेलर भरलेला होता आणि उजवीकडून बंद बॉडीचा एक ट्रक सावकाश पुढे चालला होता. त्याची उंच पाठ माझ्या काचेच्या पुढे गेली, तिचे दोन्ही लाल दिवे मला दिसले, आणि त्यांच्यामागे आता रस्ताच आहे असे गृहीत धरून मी सवयीने डिपर दिला. तो लगेच डावीकडे झुकू लागला. त्याच क्षणी माझ्या हेडलाइटच्या उजेडात ओल्या लोखंडाची एक कड चमकली. ट्रकामागे दांडीने जोडलेला एक रिकामा, सपाट ट्रेलर होता. त्याची फळी माझ्या खिडकीच्या कडेपेक्षा खाली होती आणि त्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता. मी हॉर्न दाबून धरला, ब्रेक जेवढा सोसेल तेवढाच दाबला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर घेतली. ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याने माझ्या उजव्या हेडलाइटची काच नेली, एवढ्यावर निभावले.

पुढे दोन्ही गाड्या थांबल्या, तेव्हा बंद दिव्यांवरून त्याला चांगले सुनावण्याच्या तयारीने मी खाली उतरलो. तो वयाने माझ्यापेक्षा लहान होता. फुटलेल्या काचेकडे पाहत तो म्हणाला, “उस्ताद, तुम्ही डिपर दिलात म्हणूनच मी आत आलो.” ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग अर्धा निसटला होता, हा दोष त्याचा होता. पण त्याच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पुढच्या वाहनाची अगदी शेवटची चाके रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत आणि त्यांच्यापासून माझ्या बंपरपर्यंतचा रस्ता माझ्या दिव्यांत रिकामा दिसला पाहिजे. त्यानंतर मी मनात एक हजार एकपासून एक हजार पाचपर्यंत मोजतो आणि तरीही अंतर पुरेसे वाटले नाही तर पुन्हा मोजतो. वेगातील फरक ताशी पाच किलोमीटर असला तर शेपूट सुटल्यावर २२ मीटरची मोकळीक व्हायला सुमारे सोळा सेकंद लागतात, म्हणजे हे मोजणे एकदा करून बहुधा भागतच नाही. शेजारी बसलेले शिकाऊ या मोजण्याला हसतात, हसू देत. आणि शंका असेल तेव्हा मी डिपर देतच नाही. न दिल्याने कोणाचे अडत नाही. पुढचा चालक आपल्या आरशाच्या भरवशावर आत येईल, आणि त्याने तसेच यायला हवे.

डिपर मिळाला म्हणजे परवानगी मिळाली, असे समजणे

वरच्या प्रसंगात माझ्याएवढीच चूक त्या चालकाचीही होती, कारण आपल्यामागे बारा मीटरचा ट्रेलर आहे हे त्याला ठाऊक होते आणि मला नव्हते. डिपर ही मागच्याने दिलेली माहिती असते. तिची खातरजमा करण्याचे काम आरशाकडेच राहते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये तर हा विषय दोन नियमांत संपवला आहे: नियम ११० सांगतो की आपण येथे आहोत एवढेच कळवण्यासाठी हेडलाइट चमकवावेत, दुसरा कोणताही निरोप देण्यासाठी नाही, आणि नियम १११ सांगतो की दुसऱ्याने हेडलाइट चमकवले म्हणजे पुढे येण्याचे निमंत्रण मिळाले असे कधीही मानू नये. या नियमांच्या काट्यावर तोलले तर आम्हा चालकांचा हा सगळा शिष्टाचारच नियमाबाहेरचा ठरतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो टिकून आहे तो उपयोगाचा आहे म्हणून. परंतु अपघातानंतर “मला डिपर मिळाला होता” हे वाक्य बचाव म्हणून पुढे करता येईल अशी आशा कोणी बाळगू नये.

शिवाय तो डिपर तुमच्यासाठीच होता कशावरून? मागच्या चालकाने तो समोरून येणाऱ्याला दिला असेल, किंवा खड्ड्यावरून जाताना त्याचे हेडलाइट नुसतेच उसळले असतील. भरलेल्या गाडीचे पुढचे टोक खालीवर झाले की आरशात ते हुबेहूब डिपरसारखे दिसते. म्हणून डिपर दिसल्यावर आधी सपाट आरसा, मग फुगीर आरसा, मग डावा इंडिकेटर आणि शेवटी स्टिअरिंग, हा क्रम मी मोडू देत नाही.

अप्परचा मारा आणि विझवलेले दिवे

रात्री मागून अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा प्रखर झोत, मारला की तो थेट पुढच्याच्या आरशातून डोळ्यांत जातो आणि ज्या क्षणी त्याला आरसा सर्वाधिक लागतो त्याच क्षणी तो आंधळा होतो. एकदाच, अगदी थोडा वेळ. दोन-तीनदा मारणे म्हणजे राग व्यक्त करणे. धुक्यात अप्पर देऊच नये, तो पांढऱ्या भिंतीसारखा परत आपल्याच अंगावर येतो.

हा झगमगाट टाळण्यासाठी काही जण उलट मार्ग धरतात आणि हेडलाइट क्षणभर विझवून पुन्हा लावतात. उजळलेल्या, सरळ रस्त्यावर हे मी चालवून घेतो. काळोखात, वळणावर किंवा बोगद्यात मात्र मी शिकाऊ चालकाचा हात स्विचवरून बाजूला केलेला आहे. ताशी ८० च्या वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते, तेवढा रस्ता न पाहता गेला. झेनॉनचे दिवे एकदा विझले की पुन्हा पूर्ण तेजाने लागायला काही सेकंद घेतात. त्याहून वाईट म्हणजे फिरवायचा स्विच घाईत एक घर जास्त फिरला तर मागचे लाल दिवेही जातात आणि आपल्यामागून येणाऱ्याच्या दृष्टीने आपण रस्त्यावरून नाहीसे होतो. काही ट्रकांच्या डॅशबोर्डवर फक्त मार्कर दिवे, म्हणजे गाडीच्या कडा दाखवणारे छोटे दिवे, क्षणभर घालवणारे बटण असते; ते असेल तर तेच वापरावे, कारण त्याने समोरचा उजेड कमी होत नाही आणि कोणाचे डोळेही दिपत नाहीत.

आभार मानण्यातली घाई

इंडिकेटर साधारणपणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे एका लुकलुकण्याला अर्धा ते एक सेकंद लागतो. नवा चालक दांडी इतक्या झपाट्याने खालीवर करतो की एका बाजूचा दिवा लागतच नाही आणि आभाराऐवजी नुसताच उजवा इंडिकेटर एकदा लागून जातो. मागून ओलांडण्याच्या लेनमध्ये येणारा कारवाला तो पाहून हा पुन्हा बाहेर निघतो की काय म्हणून ब्रेक मारतो. मी आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा देतो, प्रत्येक बाजूला एक पूर्ण लुकलुक होऊ देतो आणि हे सगळे गाडी आपल्या लेनमध्ये सरळ झाल्यावरच करतो. वळता वळता आभार मानणाऱ्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात आणि लक्ष मात्र दोन्ही ठिकाणी अर्धेच असते.

चारही इंडिकेटर एकदम लावून आभार मानणे सोपे, पण दोन लुकलुकींत ते बंद करावेत. ते लावून विसरणारे महाभाग मी पाहिले आहेत; मागच्यांना पुढे गाडी बंद पडली आहे असे वाटते, आणि तोपर्यंत या विसरभोळ्यांच्या डाव्या-उजव्या इंडिकेटरला काही अर्थ उरत नाही.

आभार मानायचे राहिले तर राहू द्यावेत. त्यावरून मनात राग धरणाऱ्या चालकांशी माझे कधीच पटलेले नाही.

ओलांडायला सांगणारा उजवा इंडिकेटर

दुपदरी रस्त्यावर पुढचा संथ ट्रक उजवा इंडिकेटर देतो. याचा अर्थ काय? एका भागात त्याचा अर्थ “समोर रस्ता मोकळा आहे, जा” असा घेतात, दुसऱ्या भागात “समोरून गाडी येते आहे, थांब” असा घेतात, आणि कायद्याच्या पुस्तकात सगळीकडे त्याचा एकच अर्थ आहे की हे वाहन उजवीकडे वळणार. मेक्सिकोत वाहने उजवीकडून चालतात आणि तेथील ट्रकचालक याच कामासाठी डावा इंडिकेटर देतात. तेथेही तो डावीकडे वळण्याच्या खुणेशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे गोंधळ तोच. ज्या खुणेचे तीन अर्थ निघतात आणि त्यातल्या एकात तुम्ही वळत्या ट्रकाच्या दाराखाली जाता, ती खूण मी देत नाही आणि कोणी दिली तर मानत नाही. मागच्याला साइड द्यायची असेल तर मी डावीकडे सरकतो, वेग कमी करतो आणि त्याला त्याच्या डोळ्यांनी रस्ता दिसू देतो. मागून हॉर्न मारणाऱ्या उतावळ्यांना हे पुरत नाही, पण त्यांच्यासाठी समोरच्या वळणापलीकडची हमी मी कशी द्यावी?

अरुंद पुलाच्या दोन टोकांना दोन गाड्या आल्या की डिपरचा असाच खेळ होतो: एकासाठी त्याचा अर्थ “मी येतो, थांब” असा असतो, दुसऱ्यासाठी “तू ये” असा. तेथे मी डिपर न देता गाडी पूर्ण उभी करतो आणि हेडलाइट उतरवून पार्किंगचे दिवे तेवढे ठेवतो. उभ्या, मंद दिव्यांच्या गाडीचा अर्थ लावण्यात कोणी चुकल्याचे मी पाहिलेले नाही.

कारचालकांना ही भाषा येते असे समजू नये. ट्रकाने दिलेला डिपर त्यांना दटावणी वाटते आणि ते दचकून अधिकच जवळ कट मारून आत येतात. त्यांच्यासाठी नुसते अंतर वाढवावे.

राहिला प्लग. निघण्यापूर्वी चारही इंडिकेटर आणि पार्किंगचे दिवे लावून गाडीभोवती एक फेरी मारावी, चिखलाने झाकलेल्या काचा फडक्याने पुसाव्यात, आणि ट्रेलरच्या प्लगजवळ आल्यावर तो नुसता पाहू नये, हाताने दाबून त्याचे झाकण खाचेत बसले आहे की नाही ते तपासावे. अर्धा निसटलेला प्लग लांबून पाहिला तर बसलेलाच दिसतो.