जुने सेफ्टी रेझर जमवताना या चुका टाळा

जुन्या सेफ्टी रेझरविषयी मला जे विचारले जाते, त्यातले निम्मे प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात: 'माझ्याकडे 1904 सालचा जिलेट आहे.' सोबत छायाचित्र असते आणि रेझरवर 15 नोव्हेंबर 1904 या तारखेचा ठसा स्पष्ट दिसत असतो. ही तारीख रेझर बनल्याची नसून किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत पेटंट मिळाल्याची आहे. अर्ज 1901 मध्येच दाखल झाला होता. पेटंटची मुदत 1921 पर्यंत होती आणि तोवर हीच तारीख वर्षानुवर्षे रेझरवर उमटत राहिली. साधा हिशेब केला तरी गोष्ट लक्षात येते. पेटंट मिळाल्याची तारीख ज्यावर आहे तो रेझर त्या दिवसाच्या आधी बनलेला असू शकत नाही. म्हणजे 1904 सालाच्या वाट्याला जेमतेम दीड महिना उरतो आणि पुढच्या काळाच्या वाट्याला सोळा वर्षांहून अधिक. विकणारा मात्र जाहिरातीत 1904 लिहितो, आणि घेणारा त्या आकड्याचे पैसे मोजतो.

मीही ते मोजले आहेत. माझा पहिला जिलेट मी याच समजुतीने घेतला, मखमली अस्तराच्या डबीत ठेवला आणि वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला '1904 सालचा' म्हणून दाखवला. मग एका दुपारी भिंगाखाली धरल्यावर पात्याखालच्या दातेरी पट्टीच्या कडेला बारीक अक्षरांत ठोकलेला अनुक्रमांक दिसला. संग्राहकांनी जुळवलेल्या तक्त्यांशी तो ताडून पाहिला, तेव्हा रेझर पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा निघाला. रेझर तोच होता, तितकाच देखणा होता. खोटे होते ते फक्त मी सांगत आलो ते वर्ष. तेव्हापासून कोणताही जुना जिलेट हाती आला की मी आधी अनुक्रमांक शोधतो आणि पेटंटच्या तारखेकडे शेवटी पाहतो. 1903 मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, एकूण 51 रेझर विकले गेले होते. त्यांतला एक आपल्याच हाती लागला आहे, असे ज्याला वाटते त्याने दोनदा विचार करावा.

पन्नाशीच्या दशकापासूनच्या अमेरिकी जिलेटचे काम त्या मानाने सोपे आहे. पाते धरणाऱ्या माथ्याच्या खालच्या बाजूस एक अक्षर आणि एक अंक असतो. अक्षर वर्षाचे आणि अंक तिमाहीचा. 'एफ 4' म्हणजे 1960 ची शेवटची तिमाही. तेवढ्यावर घाई करू नये, कारण वर्णमाला संपल्यावर तीच अक्षरे पुन्हा फिरून आली. आधी मॉडेल ओळखावे, मग अक्षर वाचावे.

दुसरी चूक साफसफाईची आहे, आणि तिच्याविषयी मला सौम्यपणे लिहिता येत नाही. पहिली चूक कळली की दुरुस्त होते. घासून गेलेला मुलामा परत येत नाही. बहुतेक जुने रेझर पितळेचे असून त्यांवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो, आणि अनेकदा त्यावर संरक्षणासाठी पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो. नवख्याला काळपट डाग दिसला की तो भांडी चकचकीत करण्याची पेस्ट काढतो. सोन्याचा मुलामा असलेला एक जिलेट मी असाच घासला होता. पहिल्या पाच मिनिटांत फडके काळे झाले, म्हणून मी खूश झालो आणि आणखी जोर लावला. दहाव्या मिनिटाला मुठीवरच्या खरखरीत नक्षीच्या प्रत्येक टोकावर पितळेचा फिकट ठिपका उघडा पडला होता, खळग्यांमध्ये मात्र सोने तसेच होते. तो रेझर अजून माझ्या टेबलावर असतो, आणि कोणी पेस्टचे नाव काढले की मी तो त्याच्या हातात देतो.

आता माझी पद्धत ठरलेली आहे: कोमट पाणी, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, मऊ दातघासणी, आणि लगेच कोरडे पुसणे. साबणाचा थर आठवडाभरात सैल झाला नाही तर दुसरा आठवडा. उकळते पाणी नाही, व्हिनेगर नाही, आणि अमोनिया असलेला द्रव तर मुळीच नाही. यामागे नुसते माझे सोवळे नाही. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असत. तबेल्यांतून येणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. जुन्या जिलेटची मूठ हीसुद्धा पातळ पितळेची ओढून काढलेली नळीच आहे. तिच्यावर आधीच केसासारखी उभी चीर असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि माथा घट्ट पिळला की ती उघडते. म्हणून घेण्यापूर्वी मूठ उजेडात सावकाश फिरवून पाहावी. छायाचित्रावरून घेत असाल तर चारही बाजूंची छायाचित्रे मागावीत. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. एका मॉडेलचा माथा आणि दुसऱ्याची मूठ जोडलेले रेझर सर्रास विकले जातात. आटे जुळले म्हणजे जोडी मूळची आहे असे होत नाही. दातेरी पट्टीचा वाकलेला दात सरळ करण्याच्या फंदात पडू नये, तो तुटतो. नव्याने चकाकणारा मुलामा 'मूळचा' म्हणून सांगितला जात असेल तर ठशांच्या कडा पाहाव्यात. घासून पुन्हा मुलामा दिलेल्या रेझरवर त्या बोथट झालेल्या असतात. शिकचे इंजेक्टर, जेम, रोल्स या वेगळ्या बनावटीच्या रेझरांना साधे दुधारी पाते चालत नाही, तेव्हा दाढीसाठी घेत असाल तर आधी पाते मिळते का ते पाहावे आणि मगच रेझर. उलट 1904 च्या पेटंटच्या तीन तुकड्यांच्या जिलेटमध्ये आजचे दुधारी पाते व्यवस्थित बसते.

दोन दारांच्या, म्हणजे मुठीची कळ फिरवून उघडणाऱ्या रेझरांची कळ अडकलेली असली की लोक पक्कड घेतात. हे पाहिले की मला खरोखर राग येतो. आत वाळलेला साबण असतो, दुसरे काही नसते. कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवावे, सकाळी खनिज तेलाचा एक थेंब कळीच्या बुडाशी सोडावा आणि संध्याकाळपर्यंत हात लावू नये. तरीही न फिरल्यास हेच पुन्हा करावे. माझ्याकडचा याच प्रकारचा एक जिलेट सुपर स्पीड अकराव्या दिवशी सुटला. जिलेटच्या फॅटबॉयसारख्या, पाते कमी-जास्त उघडे ठेवणारे आकड्यांचे कडे असलेल्या रेझरमध्ये कडे फिरवण्याआधी खालची कळ अर्धा फेरा सैल करावी लागते. घट्ट कळीवर कडे ओढले की आतली यंत्रणा झिजते आणि मग कडे 5 दाखवते तेव्हा पाते भलत्याच जागी असते.

आणि डबी उघडल्यावर तळाशी दुमडलेला पिवळा कागद किंवा पात्याचे रिकामे वेष्टन सापडले, तर ते कचऱ्यात टाकू नये. माझ्याकडच्या एका जिलेट टेक मॉडेलवर वर्षाची कोणतीच खूण नाही. त्याचा काळ मला ठरवता आला तो डबीतल्या सूचनापत्रकावरून, आणि ते पत्रक आधीच्या मालकाने पात्याखाली घडी घालून ठेवले होते.