आईच्या खुब्याची जखम आम्ही अशी सांभाळली

आईच्या खुब्याचा गोळा बदलला तो ऐन मे महिन्यात. अमळनेरचं ऊन, आणि मांडीच्या बाजूला वीतभर जखम. घामाने पट्टीची कड सुटायची. सुटलेली पट्टी दाबून चिकटवू नका, भिजली तरी तशीच ठेवू नका. दवाखान्यातून बदलून घ्या. आणि चांगली बसलेली पट्टी उगाच उघडून बघू नका.

बघायचं ते पट्टीवरून, पट्टीच्या भोवती. आईची जखम बाजूला, जरा मागच्या अंगाला होती, तिला स्वतःला दिसत नव्हती. मी रोज सकाळी साबणाने हात धुवून, खिडकीच्या उजेडात बघायचे. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली तेव्हा जीव घाबरला, पण आतलं रक्त असं खाली उतरतं, हळूहळू ओसरतं. पहिले काही दिवस पट्टीला थोडं लालसर पाणी लागतं, तेही चालतं. पाचव्या दिवसानंतरही पट्टी भिजत असेल, पू किंवा वास येत असेल, लाली पसरत असेल, ताप १००.४ च्या वर गेला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका, त्याने आतलं इन्फेक्शन झाकलं जातं. पोटरी सुजून दुखली तर लगेच दवाखाना गाठा. दम लागला तर एक मिनिटही थांबू नका.

मावशी रोज म्हणायची, "हयद लाई दे, दोन दिनमा सुकी जाई." तिची माया खरी, पण जखमेवर हळद, तेल, पावडर काहीच नको. हळद डाळीत घाला. उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, अंडी, दूध रोज पोटात जाऊ द्या. जखम भरायला प्रोटीन लागतं. शुगर असेल तर ती ताब्यात हवीच, वाढलेल्या शुगरने जखम रेंगाळते.

आमची चूक परकराच्या नाडीत झाली. आई नाडी खाली बांधते, ती जखमेच्या वरच्या टोकाला घासत होती. आठव्या दिवशी तिथे लाल रेघ दिसली. त्या दिवसापासून सैल गाऊन, लाली दोन दिवसांत गेली.

चौदाव्या दिवशी टाक्यांच्या जागी लावलेल्या पिना काढल्या. अंघोळ डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. नंतर स्वच्छ पंच्याने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. खपल्या आपोआप गळू द्या.